गादीतलं चुंबक आणि एमआरआयचं चुंबक

"डॉक्टरसाहेब, चुंबकाची गादी घेऊ का?" कामरगावात गुडघे आणि कंबर दुखणारे रुग्ण मला हे हमखास विचारतात. रक्तात लोह असतं, चुंबक ते ओढतं, मग रक्ताभिसरण वाढतं, असं त्यांना विकणाऱ्याने समजावलेलं असतं.

ऐकायला पटतं, पण खरं नाही. रक्तातलं लोह म्हणजे खिळ्यातलं लोखंड नव्हे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू जखडलेले असतात. प्राणवायू घेतलेलं रक्त तर चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं, तेही आपल्याला जाणवणार नाही इतकं कमी. गादीतल्या चुंबकाचा जोर काही सेंटीमीटरवर जवळपास संपतो. एमआरआयचं चुंबक मात्र दीड किंवा तीन टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. चुंबकाने गुडघे बरे होत असते, तर एमआरआय करून आलेला प्रत्येक माणूस पळत सुटला असता! टाचदुखीसाठी चुंबकाचे आणि साधे तळवे देऊन तुलना झाली आहे. फरक पडला नाही. दुखणाऱ्याने ते पैसे फिजिओथेरपीवर घालवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग चुंबकाची भीती बाळगायचीच नाही का? बाळगायची, पण योग्य जागी. त्या क्षेत्राने पेशींना इजा होत नाही. फार तर डोकं हलवलं की क्षणभर गरगरतं. जीव जातो तो लोखंडामुळे. 27 जानेवारी 2018 ला मुंबईच्या नायर रुग्णालयात 32 वर्षांचा एक तरुण नातेवाइकासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. मशीन बंद आहे असं सांगितलं गेलं होतं, असं कुटुंबीयांचं म्हणणं. यंत्राने सिलिंडरसकट त्याला खेचलं आणि त्याचा जीव गेला. हे चुंबक अतिथंड हेलियममध्ये ठेवलेल्या तारांचं असतं. तपासणी संपली, वीज गेली, रात्र झाली, तरी ते चालूच असतं.

आपल्याकडून अमरावतीला किंवा अकोल्याला एमआरआयला जाल, तेव्हा सोबत्यानेही खिसे रिकामे करावेत. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं यंत्र असेल तर आधीच सांगा. काही पेसमेकर चालतात, पण ते ठरवू द्या तिथल्या डॉक्टरांना. वेल्डिंग किंवा ग्राइंडरचं काम केलेल्यांनी एक गोष्ट लपवू नये: कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का? वीस वर्षांपूर्वीचाही सांगा. कण आत राहिला असेल तर तो हलून दृष्टी जाऊ शकते, म्हणून आधी एक्स-रे काढतात.

आणि घरात खेळण्यांतले छोटे गोल चुंबक असतील तर आजच उचलून ठेवा. लेकराने दोन गिळले, तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून ते एकमेकांना चिकटतात आणि मधल्या भिंतीला भोक पडतं. पोट दुखायची वाट पाहू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या.