चाकाच्या पोटातला चिखल

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या काळ्या मातीचे दोन स्वभाव आहेत. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात माणसाच्या पायातला जोडा सोडत नाही. कापसाला ती मानवते, मोटारीला मुळीच नाही. चारही चाकांना जोर पुरवणारी जीप त्या चिखलातून बाहेर निघते खरी. पण निघालेल्या गाडीला पुढे थांबवायचे असते, हे बरेचजण विसरतात.

आमचे एक शेतकरी स्नेही जुनी जीप बाळगून आहेत. शेतावरून आले की ते तिला बाहेरून लख्ख धुतात. त्यांचे मिस्त्री एकदा माझ्यादेखत म्हणाले, "भाऊ, वरून धुतलं म्हंजे झालं नाही. चाकाच्या पोटातला चिखल काढा लागते." मराठीच्या प्राध्यापकालाही इतके नेमके वाक्य सहसा सुचत नाही!

हे चाकाचे पोट म्हणजे ब्रेकचा ड्रम. चाकाबरोबर फिरणारे हे लोखंडी भांडे. आत अर्धचंद्राकृती दोन शू. पायाने ब्रेक दाबला की ते बाहेरच्या बाजूला फाकतात आणि भांड्याला घट्ट लागतात. 1941 सालच्या विलिज जीपला चारही चाकांना हीच योजना होती. 2020 साली आलेल्या नव्या थारला पुढे डिस्क असली तरी मागे ड्रमच आहेत. झाकलेले असल्यामुळे धूळ सहसा आत जात नाही. मात्र नाल्याचे पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढले की गाळ आत शिरतो, आणि ज्या झाकणाने तो बाहेर ठेवायचा, तेच त्याला आत कोंडून ठेवते. तो वाळला की त्यातली रेती लायनर आणि ड्रम दोन्ही खरवडते. ओल्या लायनरची पकड सुटते. एकच बाजू भिजली तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते.

तेव्हा पाण्यातून बाहेर पडताच, मागेपुढे पाहून, हळू चालवत ब्रेक हलकेच चार-सहा वेळा दाबावा. उष्णतेने लायनर सुकते आणि पकड परत येते. घरी आल्यावर चिखल ओला आहे तोवरच चाके आतल्या बाजूनेही धुवावीत.

खूप गाळात गाडी गेली असेल तर ड्रम उघडणेच बरे. सपाट जागा, बाकीच्या चाकांना दगड, जॅकच्या जोडीला भक्कम घोडा. आतली भुकटी फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुफ्फुसाला घातक आहे. पाण्याने भिजवून ब्रशने काढावी. रॉकेल किंवा डिझेल वापरू नये. त्याने रबरी वायसर फुगतात. चाकातल्या सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळते आहे असे समजावे. लायनर रिव्हेटपर्यंत झिजले किंवा तेलाने माखले असेल तर डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलावे. हे काम मिस्त्रीकडून केले तरी आपण शेजारी उभे राहावे. सारे जोडल्यावर, गाडी हलवण्यापूर्वी, पेडल दाबून पाहावे. ते कडक लागले पाहिजे.

आणखी एक. ओली गाडी हँडब्रेक ओढून चार दिवस उभी केली तर शू गंजून ड्रमला चिकटतात. त्यापेक्षा ती गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

एवढा खटाटोप कशासाठी? सुटीत आपल्याकडची कितीतरी कुटुंबे पैनगंगा ओलांडून माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जातात. चढताना इंजिनाची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. मागच्या सीटवर आजी असते, मांडीवर फराळाचा डबा असतो, पोरांची गाणी चाललेली असतात. त्यातल्या कोणालाही ड्रममध्ये काय साचले आहे ते ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. ते चालवणाऱ्याला ठाऊक असावे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जिथे जू घासले, तिथेच हात फिरतो. जीपला खांदा नाही. तिचे घासते ते चाकाच्या पोटात. यंदा दिवाळीची सहल ठरवण्याआधी तिथे एकदा हात फिरवून घ्या.