गणिताचा तास कुठल्या भाषेत?

ऑफिसच्या कँटीनमध्ये तिशीतले चार जण एकत्र बसले की दहाव्या मिनिटाला गाडी ॲडमिशनवर येतेच. सीबीएसई की स्टेट बोर्ड, इंग्लिश की सेमी-इंग्लिश... पोरगं अजून दुपट्यात असतं, पण फीचा हिशोब सुरू! सध्या मी याच टेन्शनची एक वेगळी गोष्ट वाचतेय. ती आहे लॉस एंजेलिसला चिकटून असलेल्या ग्लेनडेल शहरातल्या आर्मेनियन आईबाबांची.

सुमारे दोन लाख वस्तीच्या ग्लेनडेलमध्ये आर्मेनियन मंडळी भरपूर. कुणी १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटल्यावर आलं, कुणी १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर, कुणी सोव्हिएत युनियन कोसळताना. तिथल्या सरकारी, म्हणजे बिनफीच्या शाळांमध्ये आर्मेनियन-इंग्लिश ड्युअल इमर्शनचे वर्ग आहेत. इमर्शनमध्ये भाषा हा आठवड्यातला एक ‘विषय’ नसतो, शिकवणंच त्या भाषेत चालतं. काही ठिकाणी अर्धा दिवस, काही ठिकाणी सुरुवातीच्या इयत्तांत चक्क नव्वद टक्के. वजाबाकीसुद्धा त्याच भाषेत!

मग काय, आर्मेनियन पालकांनी उड्याच मारायला हव्यात. पण पालक म्हटला की ‘पण’ आलाच.

पहिला ‘पण’ आपल्या ओळखीचा. एवढे हाल काढून अमेरिकेत आलो, आता पोरगं इंग्लिशमध्ये मागे पडलं तर? आर्मेनियन काय, घरी आजी बोलतेच की! ही भीती हवेतून आलेली नाही. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये जनमत घेऊन सरकारी शाळांत जवळजवळ इंग्लिश-ओन्ली कारभार आणला होता. २०१६ मध्ये पुन्हा जनमत घेऊन तो मोडीत काढला. ओरेगनमधल्या पोर्टलंडचा, रँड संस्थेचा २०१५ चा अभ्यास मात्र वेगळंच सांगतो. तिथे इमर्शनच्या जागांसाठी लॉटरी असते, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी चोख. ज्यांचा नंबर लागला ती मुलं इंग्लिश वाचनात पाचवीत साधारण सात महिने आणि आठवीत नऊ महिने पुढे निघाली. त्या अभ्यासात आर्मेनियन नव्हती. स्पॅनिश, जपानी, चिनी, रशियन होत्या. तरीही आईबाबांच्या जिवाला थोडा थंडावा मिळायला हरकत नाही.

दुसरा ‘पण’ जास्त दुखरा आहे. कुठली आर्मेनियन? पूर्वेकडची की पश्चिमेकडची? पूर्वेकडची आर्मेनिया देशात आणि इराणमध्ये बोलली जाते. पश्चिमेकडची ऑटोमन साम्राज्यातून, १९१५ च्या नरसंहारातून वाचलेल्यांच्या घरांत टिकली. युनेस्कोने २०१० मध्ये ती धोक्यातल्या भाषांच्या यादीत टाकली. त्यात १९२२ मध्ये सोव्हिएत आर्मेनियाने स्पेलिंगही बदललं. परदेशातल्या अनेकांनी जुनंच ठेवलं. म्हणजे शाळेत जी आर्मेनियन शिकवतील ती आजीच्या पत्रातली असेलच असं नाही. ज्या घरात मागे फक्त भाषाच उरली, तिथे हा हट्ट किरकोळ कसा म्हणायचा?

तिसरा ‘पण’ म्हणजे खासगी आर्मेनियन शाळा. लॉस एंजेलिस परिसरात त्या १९६४ पासून आहेत. तिथे भाषेसोबत चर्च, इतिहास, आपली माणसं असं फुल पॅकेज मिळतं, पण फी मोजून. सरकारी वर्गात भाषा फुकट मिळते. बाकीचं घरीच द्यावं लागतं.

मला या सगळ्यात एकच गोष्ट जबरदस्त वाटते. इमर्शन निवडणारे आईबाबा आपल्या भाषेला ‘प्राइम टाइम’ देतात. अमेरिकेतली आपली मराठी मंडळी शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवतात. स्वतःचा वीकेंड मोडून शिकवणाऱ्या त्या काका-मावशींना मनापासून सलाम. पण मुलं भारी हुशार असतात हो. सोमवार ते शुक्रवार काय चालतं आणि सुट्टीच्या दिवशी काय, यावरून कशाला किती भाव द्यायचा हे ती बरोब्बर ओळखतात.

आणि आपण, इथे पुण्या-मुंबईत? सेमी-इंग्लिशमध्ये गणित-विज्ञान इंग्रजीला, बाकीचं मराठीला. पगाराचे विषय एका भाषेत, मायेचे दुसरीत. अशी वाटणी बघत मोठ्या झालेल्या मुलाने उद्या मराठीला ‘स्कोअरिंग सब्जेक्ट’ म्हटलं, तर त्याच्यावर चिडायचं कशाला?

ग्लेनडेलच्या आईबाबांचं उत्तर आपण जसंच्या तसं उचलावं असं मी म्हणत नाहीये. त्यांच्यातच एकमत नाही! पण पुढच्या वेळी शाळा बघायला जाल, तेव्हा स्विमिंग पूल आणि स्मार्ट बोर्ड बघून झाल्यावर एक विचारा... माझ्या भाषेला तुमच्या टाइमटेबलमध्ये कुठला तास?