अर्धंच अपग्रेड कशाला?

मंडळी, आज जरा भांडायचंय. "मावशी, सगळी सिस्टीम कशाला अपग्रेड करतेस? नव्यातलं तेवढं एक पॅकेज उचल की!" हा सल्ला मला येताजाता मिळतो. सत्तरी ओलांडून लिनक्स वापरते म्हणून कौतुकही होतं. कौतुक ठेवून घेते, सल्ला परत करते.

शाळेच्या वेळापत्रकात एकाच शिक्षकाचा एकच तास हलवून बघा. एका वर्गावर दोन शिक्षक, दुसऱ्यावर एकही नाही! पॅकेजांचं तसंच. एकच लायब्ररी अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात. आर्च लिनक्समध्ये अशी लायब्ररी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजं नव्याने बांधून ठेवतात. तुम्ही पॅकमनकडून यादी तेवढी ताजी करून एकच पॅकेज घेतलंत, तर त्याच्यामागोमाग नवी लायब्ररी येऊ शकते आणि जुनीच्या भरवशावरचे बाकीचे प्रोग्रॅम उघडेनासे होतात. म्हणूनच अर्धवट अपग्रेडला आमचा पाठिंबा नाही, असं आर्चवाले स्पष्ट सांगतात.

डेबियनचं बघा. २०२३ च्या बुकवर्ममध्ये ग्लिबसी २.३६, २०२५ च्या ट्रिक्सीत २.४१. ट्रिक्सीतलं पॅकेज बुकवर्मवर ओढलं की ते आपल्याबरोबर नव्या लायब्रऱ्याही मागू लागतं. डेबियनच्याच विकीवर या खिचडीला 'फ्रँकनडेबियन' म्हटलंय. एप्ट बिचारा नाही म्हणतो, तर जबरदस्तीने बसवायचं! कॉपी पकडली म्हणून पर्यवेक्षकालाच वर्गाबाहेर काढण्यातला प्रकार.

"पण नवीन आवृत्ती हवीच असेल तर?" रास्त प्रश्न. बॅकपोर्ट्स आहेत, म्हणजे नवी आवृत्ती जुन्या सिस्टीमसाठी बांधलेली. फ्लॅटपॅक आहे. तो जागा जास्त खातो, पण शेजाऱ्याच्या ताटात हात घालत नाही.

माझा खरा राग मात्र वेगळाच आहे. सल्ला देणारा रविवारी येतो, खटाखट टाईप करतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. सोमवारी पडदा काळा झाला की समोर बसलेलं असतं एखादं म्हातारं माणूस. पेन्शनचे कागद आत, नातवंडांचे फोटो आत, आणि विचारायला घरात कोणी नाही. त्याचं कॉम्प्युटर म्हणजे तुमची प्रयोगशाळा नव्हे.

तेव्हा भाचे-पुतण्यांनो, डेबियनमध्ये त्याच आवृत्तीचे सुरक्षेचे अपडेट जरूर टाका. पण नव्या आवृत्तीवर जायचं तर आधी बॅकअप घ्या आणि पूर्ण जा. तेवढा वेळ नसेल, तर चहा घ्या, गप्पा मारा, आणि कीबोर्डला हात लावू नका.

पटलं नाही तर खाली लिहा. भांडायला मी आहेच!