खोली भाड्यानं देताय?

मैत्रिणींनो, मागची खोली नर्सिंगच्या मुलींना देताना ‘कशाला उगाच फी भरायची?’ असं आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही. पालिका हद्दीत भाडेकराराची नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक वेगळा. खोलीचं भाडंच दोन हजार असेल तर हे जडच, मान्य. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणीची जबाबदारी घरमालकावर, म्हणजे आपल्यावर टाकलीय. करार नोंदवलेला नसला आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. खोटं ठरवायचं आपण! शिवाय ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एजंट मात्र फीच्या नावाखाली वाट्टेल तो आकडा सांगतो. त्याच्याकडून सरकारी पावती घ्याच. आणि घर तुमच्या नावावर असेल, तर करारात मालक म्हणून कुणाचं नाव घातलंय, तेही सहीआधी वाचा.