खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

अश्विन शुद्ध नवमीस घरातील शस्त्रे व हत्यारे पुसून, मांडून त्यांची पूजा करावयाची, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. तलवारी आणि भाले आता फार थोड्या घरांतून उरले. परंतु सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, शेतकऱ्याचा नांगर यांना त्या दिवशी हळदकुंकू लागतेच. गेल्या काही दशकांत या पूजेस आणखी एक मानकरी लाभला आहे. गावाच्या वेशीपाशी, कंत्राटदाराच्या आवारात, कित्येकदा तर कर्ज काढून ते विकत घेणाऱ्या कुटुंबाच्या अंगणातच, सात-आठ टनांचे पिवळे धूड झेंडूच्या माळा लेवून उभे असते. बॅकहो लोडर हे त्याचे पुस्तकी नाव. उभा महाराष्ट्र त्यास जेसीबी म्हणतो, मग ते कोणत्याही कारखान्याचे असो. घरची लक्ष्मी त्याच्या बकेटला कुंकवाची बोटे लावते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ फुटतो आणि यंत्र चार हात पुढे सरकते. या सोहळ्याविषयी आम्हांला आदर आहे. आमची तक्रार एवढीच की, यंत्र पुढे सरकण्याची सर्वांना उत्सुकता असते. ते थांबेल कसे, हे त्या दिवशी कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न नेमका याच दिवसांत विचारावा, यास कारण आहे. आपल्याकडे मातीकाम आणि डांबरीकरण पावसाळ्यात बहुतेक बंद पडते. ज्येष्ठाच्या अखेरीस उभे केलेले यंत्र बऱ्याच ठिकाणी थेट दसऱ्याच्या सुमारास हलते. मधले तीन-चार महिने ते पावसात, चिखलात, दमट हवेत उभे असते. इंजिन सुरू होईल की नाही याची काळजी मालक करतो, बॅटरी पाहतो, डिझेल भरतो. ब्रेककडे लक्ष जात नाही, कारण उभ्या यंत्राला ब्रेक लागतोच कोठे?

अज्ञातवासास जाताना पांडवांनी आपली आयुधे शमीवृक्षावर ठेवली, ही कथा आपल्या घरांतील लहान मुलेही सांगतील. पण विराटपर्वात त्या प्रसंगी एक बारीकसा तपशील येतो, तो सहसा सांगितला जात नाही. आयुधे बांधून ठेवण्यापूर्वी त्या वीरांनी आपापल्या धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या. ताणलेले धनुष्य वर्षभर तसेच राहिले तर त्याचे बळ जाते, हे त्यांना कळत होते. पुढे ते गांडीव हाती आल्यावर अर्जुनाने त्यास प्रत्यंचा चढविली, टणत्कार करून पाहिला आणि मगच रथ पुढे निघाला. आपण सोने म्हणून आपट्याची पाने वाटतो, शमीची पूजा करतो. ही उतरविलेली दोरी मात्र आपण विसरलो आहोत.

आम्ही स्वतः ती विसरलो होतो, हे येथे सांगणे भाग आहे. रस्त्यांच्या व धरणांच्या कामांवर यंत्रांच्या देखभालीत आमची तीस वर्षे गेली. गोष्ट १९८६ सालच्या खंडेनवमीची. सह्याद्रीतील एका घाटरस्त्याच्या कामावर आमच्या ताब्यात दोन लोडर, एक ग्रेडर आणि तीन रोलर होते. पावसाळाभर सारे उभे. अष्टमीस यंत्रे धुतली, त्यांवर रंगाचा हात फिरविला. तपासणीच्या वहीत 'ब्रेक' या शब्दापुढे आम्ही 'ठीक' असे लिहून सही केली. ड्रायव्हरने जागच्या जागी दोनदा पेडल दाबून पाहिले होते, ते घट्ट लागले, आणि आम्हांला तेवढे पुरेसे वाटले. नवमीस सकाळी मुहूर्तावर पूजा झाली, पेढे वाटले गेले. दोघांपैकी जुना लोडर उतारावरून खडीच्या ढिगाकडे निघाला. पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्या वेळी पेडल खोल गेले. तिसऱ्या वेळी ते थेट तळाला टेकले. ड्रायव्हर जुना व सावध होता. त्याने बकेट जमिनीस टेकवून यंत्र डोंगराच्या बाजूस मातीत घातले. दरी टळली. परंतु त्याच बाजूने चालत असलेला एकोणीस वर्षांचा हेल्पर चाकाच्या वाटेत आला. तो जगला, त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. इस्पितळात त्याची आई आली तेव्हा तिच्या पदराला सकाळच्या प्रसादाची पुडी बांधलेली होती. तिने आम्हांला एवढेच विचारले, "साहेब, पूजा तर झाली होती ना?" आम्ही होय म्हणालो. वहीतील सहीविषयी काही बोललो नाही.

आठवड्याने मास्टर सिलिंडर खोलला, तेव्हा सारा प्रकार डोळ्यांसमोर आला. पेडल दाबले की त्याचा दट्ट्या पुढे सरकून तेलावर दाब आणतो. रोजच्या वापरात हा दट्ट्या नळकांड्याच्या थोड्याच भागात मागे-पुढे होतो, त्यामुळे तेवढाच भाग गुळगुळीत राहतो. तेलात मुरलेल्या पाण्याने पलीकडच्या भागात गंजाचे खड्डे पडले होते. चाकांकडील एका जुन्या सीलमधून तेल गळू लागले, पेडल नेहमीपेक्षा खोल गेले, दट्ट्या त्या गंजलेल्या भागात शिरला आणि त्याचे रबरी सील चिरले. जागच्या जागी दोनदा पेडल दाबून यातले काहीच कळण्यासारखे नव्हते. पेडल दाबून तसेच धरून ठेवले असते, ते पायाखाली हळूहळू बसते काय हे पाहिले असते, तर बहुधा कळले असते. त्यास एक मिनिट पुरले असते.

या ब्रेकचे मूळ तत्त्व सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच विद्वानाने मांडले. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला की तो सर्वत्र सारखा पोहोचतो. दोन चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर शंभर किलोंचा भार दिला, तर पलीकडे वीस चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर हजार किलोंचा जोर मिळतो. माणसाच्या पायाने टनावारी वजन थांबते ते यामुळे. पण हे सारे द्रव दबत नाही या एका गोष्टीवर उभे आहे. हवा दबते, वाफही दबते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचा सारा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यात जातो आणि पेडल स्पंजासारखे लागते.

पाण्याचा उपद्रव याहून छुपा आहे. अनेक यंत्रांत डॉट ३ वा डॉट ४ या जातीचे ब्रेक ऑइल असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. घाट उतरताना सतत दाबलेल्या ब्रेकची उष्णता तेलापर्यंत पोहोचते, तेलातील पाण्याची वाफ होते आणि सपाटीवर उत्तम लागणारा ब्रेक तिसऱ्या वळणावर दगा देतो. ड्रायव्हर म्हणतो, "आत्ताच तर लागत होता." तो खोटे बोलत नसतो. म्हणूनच उतारावर वेग आवरण्याचे काम खालच्या गिअरवर सोपवावे, ब्रेकवर नव्हे. तेलाच्या टाकीत वरचेवर थोडी भर घालून भागत नाही. पुस्तकात सांगितलेल्या मुदतीस जुने तेल काढून नवे भरावे लागते. चार महिने झाकण सैल राहिलेल्या टाकीसाठी तर मुदतीची वाटही पाहू नये.

आता सर्वच यंत्रांत हे तेल नसते. कित्येक यंत्रांच्या ब्रेकमध्ये खनिज तेल चालते आणि ही दोन तेले एकमेकांची वैरी आहेत. डॉट तेलाच्या यंत्रणेत चुकून खनिज तेल वा इंजिन ऑइल पडले तर रबरी सील फुगतात, ब्रेक चिकटतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सारी रबरे बदलावी लागतात. ही चूक सणाच्या गडबडीत फार होते, कारण हाताशी असलेला डबा 'तेलाचा' असतो आणि हात नवख्या पोराचा असतो. टाकीच्या झाकणावर कोणते तेल ते ठळक रंगाने लिहून ठेवावे. जेथे स्वस्तिक काढता तेथेच शेजारी लिहिले तरी चालेल.

पेडल काय सांगते ते ऐकण्याची सवय हवी. स्पंजासारखे लागले तर आत हवा आहे. ती काढताना एकाने पेडल दाबावयाचे, दुसऱ्याने चाकाकडील निपल सैल करून नळीवाटे तेल बाटलीत घ्यावयाचे, आणि पेडल सोडण्यापूर्वी निपल बंद करावयाचे, बुडबुडे थांबेपर्यंत. बाटलीत आलेले तेल पुन्हा वापरू नये; काटकसरी मालकांना हे पटत नाही, पण त्यास इलाज नाही. पेडल कडक असून यंत्र थांबत नसेल तर लायनिंग गुळगुळीत झाले आहे, त्यावर तेल आले आहे, किंवा जोर वाढविणारा बूस्टर निकामी आहे. यंत्र एका बाजूस ओढले तर एका चाकाचा ब्रेक लागत नाही वा सुटत नाही. ज्या यंत्रांचे ब्रेक अ‍ॅक्सलच्या आत तेलात बुडालेले असतात, तेथे बाहेर एक थेंबही न सांडता गळती होऊ शकते: ब्रेकच्या टाकीतील तेल उतरत जाते आणि अ‍ॅक्सलमधील तेल खुणेच्या वर चढते. ही खूण आम्हांला फार मोलाची वाटते, कारण जमीन कोरडी पाहून सारे निश्चिंत असतात.

मातीकामाच्या चाकी यंत्रांसाठी आयएसओ ३४५० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात नेहमीचा ब्रेक, तो निकामी झाल्यास कामी येणारा दुय्यम ब्रेक आणि यंत्र उभे असताना लावावयाचा पार्किंग ब्रेक अशा तिन्हींचा विचार केलेला आहे. आपल्याकडे तिसऱ्याची सर्वांत हेळसांड होते. चाकाखाली लिंबू ठेवणारा माणूस चाकाच्या पुढ्यात वाकलेला असतो, त्याच्या मागे ताट घेतलेल्या बायका आणि मुले असतात, आणि वर ड्रायव्हर बहुधा इंजिन चालू ठेवून पेडलवर पाय देऊन बसलेला असतो. हे आम्हांला पाहवत नाही. पूजेच्या वेळी इंजिन बंद, पार्किंग ब्रेक लावलेला, बकेट जमिनीवर टेकलेली आणि चाकांना लाकडी ठोकळे, एवढे झाल्यावाचून कोणी चाकाजवळ जाऊ नये. यंत्र हलविण्यापूर्वी सर्वांनी दूर व्हावे. पेडलवर तूप वा तेल लावू नये, पाय घसरतो; त्यास नुसते कुंकू पुरे. बॅकहो लोडरला डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन वेगळी पेडले असतात. मिरवणुकीसाठी रस्त्यावर नेताना ती खिटीने एकत्र जोडलीच पाहिजेत, नाहीतर एकाच बाजूचे चाक धरून यंत्र भररस्त्यात वळते.

काही सुधारक मंडळी म्हणतात की ही यंत्रपूजाच सोडावी, तो वेळ व पैसा देखभालीस द्यावा. आम्हांला हे पटत नाही. ज्या कामावर यंत्र वर्षभर एक दिवस उभे राहत नाही, तेथे पूजेच्या निमित्ताने का होईना ते थांबते, धुतले जाते. आणि धुतलेल्या यंत्रावरच गळतीचा ताजा ओघळ दिसतो. भक्तीने जो हात चाकापर्यंत पोहोचतो, त्याने दोन इंच आणखी आत जावे, एवढेच मागणे आहे. आमचा राग आहे तो हारांवर, वाजंत्रीवर, रोषणाईवर सढळ हाताने खर्च करून सीलच्या संचाशी घासाघीस करणाऱ्यांवर.

यास्तव अष्टमी ब्रेकसाठी राखून ठेवावी, असे आम्ही गेली कित्येक वर्षे भेटेल त्यास सांगत आलो आहोत. बहुतेक ऐकून घेतात, हसतात. गेल्या वर्षी आमच्या परिचयाच्या एका घरी मात्र निराळे घडले. तेथील वहिनींनी अष्टमीच्या सकाळीच फिटरला बोलाविले. टाकीतील तेल उतरलेले आणि अ‍ॅक्सलचे तेल खुणेच्या वर, म्हणजे आतील सील गेलेले. काम दोन दिवसांचे. मुलगा कुरकुरला, "आई, उद्याचा मुहूर्त?" वहिनी म्हणाल्या, "मुहूर्त पूजेचा आहे, गाडी चालवण्याचा नाही." नवमीस आम्ही गेलो तेव्हा यंत्र लाकडी ओंडक्यांवर चढविलेले होते, मागील चाके भिंतीशी टेकून ठेवली होती, आणि उघड्या अ‍ॅक्सलवर झेंडूची माळ होती. आरती झाली. लिंबू कोठे ठेवावे हे कोणास कळेना, तेव्हा फिटरने ते उचलून वहिनींच्या हाती दिले आणि सरबत करावयास सांगितले.