आधी औषध, मग नळी

छातीत नळी घालायची असते तेव्हा रुग्णालयात सगळा सरंजाम असतो. संमतीच्या कागदावर सही होते, जागा बधिर करतात, निर्जंतुक कापड पसरतात, कुणी वरिष्ठ शेजारी उभे असतात. तीच नळी काढायची वेळ येते तेव्हा राउंडवर कुणीतरी नळीला जोडलेल्या बाटलीकडे नजर टाकतं, बुडबुडे थांबलेत, पाणी कमी झालंय, एक्स-रेत फुप्फुस फुललेलं दिसतंय हे पाहतं आणि ‘आज आयसीडी (म्हणजे हीच नळी) काढून टाका’ एवढं सांगून पुढच्या खाटेकडे वळतं. थोड्याच वेळात सगळ्यांत कनिष्ठ रेसिडेंट ड्रेसिंगचा ट्रे घेऊन हजर होतो. निर्णय बहुतेक वेळा बरोबरच असतो. नळी वेळेवर निघणं रुग्णाच्या भल्याचंच आहे, कारण ती आत असेपर्यंत खोकणं, कूस बदलणं, खोल श्वास घेणं सगळंच दुखतं. माझी तक्रार निर्णय आणि ओढणं यांच्यामधल्या वेळाबद्दल आहे. तो वेळ वेदनाशामकासाठी राखून ठेवला जात नाही आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

ही नळी म्हणजे नाकातली बारीक नळी नव्हे. मोठ्या माणसाला बायपासनंतर किंवा अपघातानंतर घालतात ती साधारण 28 ते 32 फ्रेंच मापाची, म्हणजे नऊ ते साडेदहा मिलिमीटर जाडीची असते. दोन बरगड्यांच्या फटीतून ती आत गेलेली असते आणि त्याच फटीतून बरगडीखालची नस धावते. फुप्फुसाच्या स्वतःच्या आवरणाला वेदना फारशी कळत नाही. छातीच्या भिंतीला आतून चिकटलेल्या आवरणाला मात्र ती चांगलीच कळते. नळीच्या टोकाला भोकं असतात. दोन-चार दिवसांत त्यांच्या कडेला रक्ताच्या गाठी आणि चिकट धागे धरतात, आणि ओढताना ते आवरणापासून सुटे होतात. रुग्ण आग, ओढ, काहीतरी उपटल्यासारखं असं वर्णन करतात ते याच क्षणाचं. त्याआधी छातीवरची चिकटपट्टी केसांसकट निघते ती वेगळीच.

हे सगळं रुग्णांच्या तोंडून मोजलेलंही आहे. कॅथलीन पंटिलो या अमेरिकन परिचारिका-संशोधकांच्या पुढाकाराने झालेला युरोपेन अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 28 देशांतल्या अतिदक्षता विभागांतले 3,851 रुग्ण होते. बारा नेहमीच्या प्रक्रियांपैकी सर्वांत दुखऱ्या ठरलेल्या तीन प्रक्रियांत छातीतली नळी काढणं होतं. त्याआधी अमेरिकेत थंडर-दोन नावाचा मोठा अभ्यास झाला होता. कूस बदलण्यापासून ड्रेन काढण्यापर्यंतच्या सहा प्रक्रियांमध्ये प्रौढ रुग्णांपैकी 63 टक्क्यांहून अधिक जणांना वेदनाशामक मिळालंच नव्हतं, असं त्यात दिसलं. सुसज्ज रुग्णालयांची ही गत असेल, तर आपल्याकडच्या भरलेल्या वॉर्डांत चित्र वेगळं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

औषध कोणतं, यावर डॉक्टर तासभर बोलतील. ते कधी द्यायचं, यावर फारसं कुणी बोलत नाही. पंटिलो आणि ले यांनी 2004 मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या 74 रुग्णांवर केलेलं काम इथे महत्त्वाचं आहे. काहींना शिरेतून मॉर्फिन दिलं आणि वीस मिनिटांनी नळी काढली; काहींना केटोरोलॅक दिलं आणि तासाभराने काढली. प्रत्येक औषधाचा जोर ज्या वेळी सर्वांत जास्त असतो ती वेळ साधली होती. दोन्ही गटांत दुखणं कमी राहिलं आणि रुग्ण गुंगीतही गेले नाहीत. औषधच न दिलेला गट यात नव्हता, हा या अभ्यासाचा दुबळेपणा मान्य करावा लागेल; पण तसा गट ठेवायचा म्हणजे काही माणसांना जाणूनबुजून दुखू द्यायचं. आणखी एक सावधगिरी हवी. बायपासनंतरच्या काळात केटोरोलॅकच्या जातीची औषधं देऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये दिला, त्यामुळे त्या अभ्यासातलं औषध जसंच्या तसं उचलता येणार नाही. उचलायचं आहे ते घड्याळ.

‘दोन सेकंदांचं तर काम आहे’ हा नेहमीचा आक्षेप. दोन सेकंदांचंच आहे, आणि ते कधी होणार हे तासभर आधी ठाऊक असतं. अपघाताची कळ सांगून येत नाही, ही येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आधीच फुप्फुस दुबळं, त्यात मॉर्फिनसारख्या औषधाने श्वास मंदावला तर? म्हणूनच मात्रा लहान ठेवायची आणि ऑक्सिजनच्या आकड्यावर लक्ष ठेवायचं. शिवाय दुखणारा माणूस उथळ श्वास घेतो आणि खोकला दाबतो, हेही फुप्फुसाला मानवत नाही. अनेक लहान रुग्णालयांत मॉर्फिन ठेवलेलंच नसतं, हे खरं आहे. 1985 चा अमली पदार्थ कायदा 2014 मध्ये सैल झाला तरी कागदपत्रांची धास्ती गेलेली नाही. पण शिरेतून पॅरासिटामॉल, नळीच्या कडेला लिग्नोकेन, रुग्णाला चालत असेल तर इतर वेदनाशामक, इतकं कुठेही जमतं. बर्फाची पिशवीही वापरून पाहावी. तिच्याबद्दलचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, तरी अमेरिकेतल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेने 2018 च्या मार्गदर्शनात तिची शिफारस केली आहे, आणि ती स्वस्त आहे.

सुरक्षिततेचा प्रश्नही याच वेळेशी बांधलेला आहे. नळी निघताना रुग्णाने अचानक श्वास आत ओढला तर छिद्रातून हवा आत शिरून फुप्फुस पुन्हा मिटू शकतं. श्वास भरून रोखायचा की सोडून रोखायचा, यावर शल्यचिकित्सकांत जुना वाद आहे. 2001 मध्ये 102 नळ्यांवर झालेल्या तुलनेत फुप्फुस पुन्हा मिटण्याचं प्रमाण 8 आणि 6 टक्के निघालं, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नव्हता. मला त्यातून एवढंच दिसतं की कोणतीही पद्धत चालेल, पण रुग्णाने ती पाळायला हवी. आणि कळ आली की माणूस दचकून श्वास आत ओढतो, कितीही बजावलं तरी. ‘काका, मी सांगेन तेव्हा श्वास धरा, ओढल्यासारखं आणि जळजळल्यासारखं वाटेल, मग लगेच पट्टी दाबून धरीन’ असं सांगून दोनदा सराव करून घेतला, तर तो तयार असतो. टाका बांधायला, गॉज दाबायला दुसरा हात हवा, तो शोधायची सवडही याच अवधीत मिळते.

मनुष्यबळाचा आक्षेप मी टाळणार नाही. तीस खाटांना दोन सिस्टर असतात तिथे ‘थांबा’ म्हणणं सोपं नाही. पण इथे कुणाला रुग्णाजवळ नुसतं बसून राहायचं नाही. पॅरासिटामॉलवर भागणार असेल तर राउंड संपताच ज्यांच्या नळ्या काढायच्या त्या सगळ्यांना ते आधी लावावं, मग बाकीची ड्रेसिंगं करावीत आणि शेवटी ट्रे घेऊन नळ्यांकडे यावं. कामांचा क्रम तेवढा बदलतो. केसपेपरवर ‘आयसीडी काढा’च्या वर औषधाचं नाव आणि दिल्याची वेळ लिहायची ओळ असावी, आणि ती भरल्याशिवाय खालच्या ओळीला हात लावू नये, इतका नियम विभागप्रमुखाला एका दुपारी करता येतो. नातेवाइकांनीही ‘दुखण्याचं औषध किती वाजता दिलं?’ असं विचारायला हरकत नाही. उत्तर ‘आत्ताच’ असं आलं, तर ‘मग थोडं थांबू या का?’ असंही विचारावं.