संकटाचा धडा

संकट मनुष्यास शहाणे करिते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस हे अर्धेच खरे वाटते. महसूल खात्यात कारकुनी करीत असता पैसेवारीचे तक्ते आम्ही पुष्कळ वर्षे लिहिले. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली, की तेच गाव व तोच सुटीचा अर्ज पुन्हा समोर येई. दुष्काळ सरे, वहिवाट मात्र बदलत नसे.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे कै. विलासराव साळुंखे यांनी निराळी वाट धरिली. उजाड माळावर बांध घालून पावसाचे पाणी अडविले, व पुढे पाणीपंचायतीचे नियम घातले. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने न देता माणसे मोजून द्यावा, माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर, भूमिहीनासही हक्क, ऊस वर्ज्य. मोठ्या खातेदारास हे जड वाटणार, हे आम्ही जाणतो. तथापि सुकाळीही पाळावा असा निर्बंध जो दुष्काळात स्वतःस घालून घेतो, तोच त्या दुष्काळातून काही शिकला, असे आम्ही समजतो.

शेतकरी बंधूंनी आपल्या विहिरीच्या पाण्याचा हिशेब यंदाच, विहीर भरलेली असतानाच मांडावा, एवढीच विनंती.